कोपऱ्यावर उभं राहण्याची गोष्ट

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या ताई म्हणाल्या की मी नेदरलँड्सच्या अभ्यासदौऱ्याबद्दल बोलणार आहे. सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. तो अभ्यासदौरा नव्हता. ती सहल होती. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही पाच मैत्रिणी आठ दिवस सायकल चालवायला आणि बोटीवर राहायला गेलो होतो. कुठल्या संस्थेने पाठवलं नव्हतं, परत येऊन अहवाल द्यायचा नव्हता. 'अभ्यासदौरा' हा शब्द मीच पसरवला. केंद्रात तसं सांगितलं, सासूबाईंना तसं सांगितलं, शेजारच्या काकूंना तर 'ट्रेनिंग आहे' म्हणून मोकळी झाले.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मला तेरा वर्षं झाली. कुटुंब सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना मी रोज सांगते, 'स्वतःसाठी वेळ काढा.' आणि मी स्वतः वेळ काढला तेव्हा त्याला खोटं नाव दिलं. सहलीला सहल म्हणायची मला लाज वाटली. ही लाज कुठून आली, हेच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आधी पैशांचं सांगते, कारण तुमच्या मनात तो प्रश्न आहेच. आम्ही पाचही जणी कॉलेजच्या एका वर्गातल्या. कोणी सरकारी दवाखान्यात समुपदेशक, कोणी शाळेत, कोणी माझ्यासारखी संस्थेत. कोणाचाच पगार सांगण्यासारखा नाही. चार वर्षं महिन्याला ४,००० रुपयांची भिशी लावली. विमान, व्हिसा, बोट, सगळं धरून माणशी दोन लाखांच्या वर गेले. रक्कम मोठी आहे. या पैशांत काय काय झालं असतं याची यादी मला अनेकांनी ऐकवली. त्या यादीत मुलीचं शिक्षण होतं, घराचं रंगकाम होतं, नवऱ्याची गाडी होती. माझं असं त्या यादीत काहीच नव्हतं.

दुसरी अडचण सायकलची. मी तालुक्याच्या गावातली. सातवीपर्यंत भावाच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, गावभर फिरायचे. पाळी आली आणि आईने सांगितलं, 'आता मोठी झालीस.' सायकल भावाकडे गेली. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या, ही गोष्ट मी कितीतरी शिबिरांत सांगितली आहे. सांगताना मनात यायचं, मला कुठे येते? शेवटी छत्तिसाव्या वर्षी मैदानावर पहाटे साडेपाचला शिकायला लागले. साडेपाचला, कारण तेव्हा बघायला कोणी नसतं. आठ वर्षांची मुलगी मागून धावत ओरडायची, 'आई, खाली बघू नकोस, पुढे बघ.'

आता सहल कशी असते ते सांगते. त्या देशात नद्या आणि कालव्यांचं जाळं आहे, आणि त्या पाण्यावरून पूर्वापार सपाट बुडाच्या लांबट मालवाहू बोटी चालतात. त्यांना बार्ज म्हणतात. अशा काही जुन्या बार्जमध्ये आता खोल्या करून प्रवासी नेतात. आमच्या बोटीवर आम्ही बावीस जण होतो. खोली म्हणजे रेल्वेच्या डब्यापेक्षा थोडी बरी: एकावर एक दोन पलंग, पाण्याच्या पातळीवर एक गोल खिडकी, आणि इतकी छोटी मोरी की साबण पडला तर आधी बाहेर यायचं आणि मग वाकायचं. सायकली वरच्या डेकवर. सकाळी न्याहारीच्या टेबलावरच पाव, चीज, फळं घेऊन आपला दुपारचा डबा आपणच भरायचा. मग सायकली खाली उतरवायच्या आणि निघायचं. दिवसाला तीस ते चाळीस किलोमीटर. तोवर बोट पाण्यातून पुढच्या गावी जाऊन थांबते. संध्याकाळी पोहोचलं की गरम जेवण तयार.

पहिल्या संध्याकाळी कोणीतरी माझ्यापुढे सूपचा वाटा ठेवला. मी उठून मदतीला स्वयंपाकघरात गेले. तिथल्या बाईंनी हसून मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा परत पाठवलं. आमच्यातली एक म्हणाली, 'अगं बस ना, तुला काय टोचतंय?' काय टोचतंय ते मलाही सांगता येईना. कोणीतरी वाढतंय आणि आपण बसलोय, हे शरीरालाच माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमहून आम्स्टेल नदीच्या काठाने औडरकेर्क या गावापर्यंत गेलो. मग खाउडा, ज्याला आपण चीजच्या पाकिटावर 'गौडा' म्हणून वाचतो ते. तिथून व्लिस्ट नावाच्या छोट्या नदीकाठाने स्खोनहोव्हन, जे चांदीच्या कारागिरांचं गाव आहे. मग होडीने सायकलींसकट लेक नदी ओलांडून किंडरडाइक, पुढे रॉटरडॅम, डेल्फ्ट, लायडन, हार्लेम आणि परत. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. जमीन मात्र डोळ्यांपुढे आणा. डोंगर नाही, चढ नाही. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, मध्ये पाण्याचे चर. बांधावरून सायकल चालवताना एका हाताला नदी वर आणि दुसऱ्या हाताला गायी खाली. नदी वर आणि शेत खाली, हे पचायला मला दोन दिवस लागले.

त्या देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी सतत उपसावं लागतं. बांध घालून, पाणी उपसून केलेल्या अशा जमिनीला पोल्डर म्हणतात. किंडरडाइकला पाणी उपसण्यासाठी १७४० च्या सुमारास बांधलेल्या पवनचक्क्यांसकट एकोणीस चक्क्या उभ्या आहेत. आता ते काम पंप करतात, पण चक्क्यांत अजून कुटुंबं राहतात. एका चक्कीत आत जाऊन बघता येतं. खालच्या एवढ्याशा गोल खोलीत चूल, जेवण, आणि भिंतीतल्या कपाटात पलंग. नवरा-बायको त्या कपाटात झोपायचे आणि तान्हं मूलही तिथेच. बाकीचे प्रवासी चक्कीचं यंत्र बघायला वर गेले. मी त्या कपाटापाशी उभी राहून मोजत होते, बाळंतपण कुठे होत असेल.

पाण्याची ही व्यवस्था बघायला त्यांच्याकडे वेगळी मंडळं आहेत. सगळ्यांत जुन्यांपैकी एकाची सनद १२५५ सालची. आजही अशी एकवीस मंडळं आहेत आणि त्यांच्या निवडणुका होतात. माझ्या गावचा बांध फुटला तर तुझंही शेत बुडणार, म्हणून भांडण असलं तरी एकत्र बसायचं. म्हणजे जमीन कोरडी आहे ती देवाने दिली म्हणून नाही, रोज कोणीतरी पाणी उपसतं म्हणून. हा मुद्दा मला पुढे उपयोगी पडणार आहे.

आता सायकल. आम्हाला दिलेली सायकल उंच, सरळ बसायची, मधला दांडा नसलेली. चेन पूर्ण झाकलेली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कापड अडकू नये म्हणून आच्छादन, आपल्या स्कूटरला साडीगार्ड असतो ना, तसं. मी सलवार-कमीज घालून आठ दिवस चालवली, ओढणी एकदाही अडकली नाही. वेगळा पोशाख नाही, शर्यतीत वाकून बसतात तसं बसणं नाही. तिथे सत्तरीच्या आज्या भाजी आणायला अशाच जातात. देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटींहून जास्त. लोकांच्या एकूण जाण्यायेण्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग सायकलवर होतो, आणि बायका पुरुषांपेक्षा कमी नाही, उलट थोडी जास्तच सायकल वापरतात. बऱ्याच देशांत हे उलटं असतं. बाई सायकलवर दिसते की नाही, यावरून रस्ता कसा आहे ते कळतं.

रस्त्यांवर दिशा दाखवायला आकडे आहेत. प्रत्येक मोठ्या वळणाला एक नंबर. आज ४२ वरून ४३ ला, मग १७ ला, मग ८ ला, एवढं कागदावर लिहून घेतलं की झालं. गावाचं नाव वाचता आलं नाही तरी अडत नाही. मला लगेच आमच्या साक्षरता वर्गातल्या बायका आठवल्या. अक्षर लागायला वेळ लागतो, पण आकडा सगळ्यांना येतो, बसचा नंबर सगळ्यांना कळतो. काही गल्ल्यांत लाल पाटी असते, तिच्यावर सायकल मोठी आणि मोटार छोटी काढलेली, खाली लिहिलेलं: ही सायकलची गल्ली आहे, मोटार पाहुणी आहे. त्या पाटीचा अर्थ कळल्यावर आम्ही पाचही जणी सायकली लावून तिच्यापाशी फोटो काढून घेतला.

तुम्ही म्हणाल, श्रीमंत देश, सपाट जमीन, थंड हवा, त्यांना काय झालं सायकल चालवायला. मीही तेच म्हणाले. आमच्या मार्गदर्शक बाई सहासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला डेल्फ्टमध्ये कालव्याच्या कट्ट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, 'सपाट जमीन तर १९७१ सालीही होती.'

१९७१ साली त्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. युद्धानंतर पैसा आला, मोटारी आल्या, आणि मोटारींसाठी जुने रस्ते रुंद झाले. सायकली कमी होत चालल्या होत्या. व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गेली. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'मुलांचे खून थांबवा'. त्याच नावाने आंदोलन उभं राहिलं. त्याची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुटन, अ‍ॅमस्टरडॅममधली एक तरुण आई. आपल्या वस्तीत मुलं गाड्यांखाली येताना तिने पाहिली होती. पुढे ती युरोपीय संसदेत निवडून गेली. या लोकांनी अपघात होणारे रस्ते अडवले. गल्लीत टेबलं मांडून पंगती घातल्या, मुलांना रस्त्यावर खेळायला सोडलं. पंतप्रधानांच्या घरापुढे जाऊन गाणी म्हटली. १९७३ च्या तेलटंचाईत नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद होत्या. मार्गदर्शक बाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. 'मी मैत्रिणीचा हात धरून महामार्गाच्या मधोमध चालले,' त्या म्हणाल्या, 'तेव्हा कळलं की रस्ता आमचाही आहे.' १९७५ मध्ये सायकल चालवणाऱ्यांची संघटना झाली. आम्ही बसलो होतो त्या डेल्फ्टमध्ये १९८० च्या दशकात पूर्ण शहरभर सायकल रस्त्यांचं सलग जाळं केलं गेलं. आज तिथे रस्त्यांवरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आहेत.

जमीन कोरडी राहते ती कोणीतरी पाणी उपसतं म्हणून. रस्ता बाईचा आणि पोराचा राहतो तोही कोणीतरी अडवून बसलं म्हणून. 'त्यांची संस्कृतीच तशी' असं म्हटलं की आपली सुटका होते. संस्कृती तशी नव्हती, ती करावी लागली. आणि करणाऱ्यांत घरात लहान मूल असलेल्या बायका होत्या.

डेल्फ्टहून लायडनकडे जाताना आमची वाट व्लीट या कालव्याच्या काठाने होती. त्या भागात बोटी वाऱ्यावर चालत नसल्या तर काठावरून दोर लावून ओढत. अशा वाटेला ते 'याखपात' म्हणतात. त्यांतल्या कितीतरी वाटा आज सायकलच्या आहेत. प्रवासी बोट घोडा ओढायचा. पण गरीब मालवाहू बोटवाल्याला घोडा परवडत नसे. मग नवरा सुकाणू धरायचा आणि बायको-पोरं छातीला पट्टा लावून बोट ओढायची. विसाव्या शतकातसुद्धा हे चालू होतं, त्याचे फोटो आहेत. त्या फोटोंतल्या बाईची वाकलेली पाठ मला अजिबात परकी वाटली नाही. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारी बाई आपण पाहिलेली आहे.

आमच्या बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या, मला परत पाठवणाऱ्या बाई अशाच बोटवाल्यांच्या घरातल्या निघाल्या. जन्म बोटीवरचा. बोट गावोगाव फिरणार, मग शाळेचं काय? म्हणून बोटवाल्यांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की खास वसतिगृहात ठेवत. 'आई शनिवारी भेटायची, कधी भेटायची नाही,' त्या म्हणाल्या. आमच्याकडे ऊसतोडीला जाताना मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं. दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्यांनी मला बटाटे सोलायला दिले. आठ दिवसांत मला स्वयंपाकघरात मिळालेलं तेवढंच काम, आणि ते काम म्हणून दिलं नव्हतं.

पण तिथे सगळं छान आहे असं सांगायला मी आलेली नाही. आमच्या खोल्या साफ करणारी पोलंडहून आलेली बाविशीतली मुलगी पहाटे सहाला उठायची आणि आमचं रात्रीचं जेवण आटपल्यावर झोपायची. आमची सुट्टी तिच्या कामावर उभी होती, हे विसरून चालणार नाही. मार्गदर्शक बाईंची आई शिक्षिका होती. १९५४ साली लग्न केलं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीवर ठेवत नसत. इतकंच नाही, विवाहित बाईला कायद्याने स्वतःचे व्यवहारच करता येत नसत, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची संमती लागे. कॉरी टेंडेलो या खासदार बाईंनी संसदेत हा प्रश्न लावून धरला, तेव्हा १९५६ मध्ये कायदा बदलला. आपल्याला वाटतं युरोपात हे सगळं फार पूर्वी झालं असेल. नाही, आपल्या आज्यांच्या काळातलं आहे. आणि आजही तिथल्या नोकरी करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका अर्धवेळ काम करतात. मूल आणि म्हातारी माणसं कोण बघतं, याचं उत्तर तिथेही आपल्याला माहीत असलेलंच आहे.

आता मला तुम्हाला तो कोपरा दाखवायचा आहे.

बावीस जण एका ओळीत चालताना कोणी हरवू नये म्हणून एक पद्धत असते. मार्गदर्शक सगळ्यांत पुढे. वळण आलं की तिच्या लगेच मागे असेल तिने थांबायचं आणि मागून येणाऱ्यांना हाताने वाट दाखवायची. सगळ्यांत शेवटी एक जण केशरी जाकीट घालून असतो. तो दिसेपर्यंत कोपऱ्यावरच्या बाईने हलायचं नाही. तो आला की तिने त्याच्या पुढे शेवटून दुसरी म्हणून ओळीत शिरायचं. पुढच्या वळणावर दुसरी थांबते. अशाने दिवसभरात प्रत्येक जण पुढे येतो आणि प्रत्येक जण मागे जातो. कोणी कायमचं पुढे नाही, कोणी कायमचं मागे नाही. मला वाटलं, आपल्या संघटनांत असं केलं तर?

व्लिस्टच्या रस्त्यावर माझी पाळी आली. दोन शेतांमधलं वळण, एक विलो झाड, एक चर, पलीकडे गायी. एकेक जण गेला. केशरी जाकीट आलंच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाऊस भुरभुरायला लागला. फोनला त्या वेळी नेमकी रेंज नव्हती. मागे कोणाची तरी सायकल पंक्चर झाली होती, हे मला नंतर कळलं. मी घाबरले. परका देश, भाषा येत नाही, मी एकटी बाई रस्त्यावर उभी.

सवयीने मी लगेच कामात असल्यासारखं दाखवायला लागले. फोन कानाला लावला, पिशवी उघडून काहीतरी शोधलं, घड्याळ बघितलं. तुम्ही सगळ्या हे करता. बसस्टॉपवर, चौकात, स्टेशनबाहेर उभं राहताना आपण कोणाची तरी वाट बघतोय, आपल्याला कारण आहे, असं दाखवतो. मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा या विषयावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. त्यात हेच मांडलेलं आहे: बाईला बाहेर असायला कारण लागतं, आणि म्हणून विनाकारण बाहेर रेंगाळण्याचाच हक्क मागायला हवा. मी ते पुस्तक वाचलं होतं. त्यावर गटात चर्चाही घेतली होती. पण ते मला कळलं त्या कोपऱ्यावर.

कारण मला कोणीच काही विचारलं नाही. एक शेतकरी ट्रॅक्टरवरून गेला, त्याने हात वर केला आणि गेला. दोन शाळकरी मुली डबलसीट हसत गेल्या. एक आजी गेल्या, सायकलच्या टोपलीत कुत्रा. कोणी वळून बघितलं नाही, कोणी 'कुठे जायचंय' म्हणालं नाही. हळूहळू मी फोन पिशवीत टाकला. घड्याळ बघायचं बंद केलं. पंचवीस मिनिटं मी पावसात एका झाडाखाली विनाकारण उभी होते आणि मला काही होत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी कोणाची तरी काहीतरी नसताना, नुसती, अशी उभी राहिल्याचं आठवेना. मला रडू आलं. नंतर केशरी जाकीट आलं, मी ओळीत शिरले, आणि रडल्याचं पावसामुळे कोणाला कळलं नाही.

ही गोष्ट इथे संपवली असती तर गोड झाली असती. पण ती तशी संपली नाही. आम्ही परत आलो, आणि ऑगस्टमध्ये बातमी वाचली. २० ऑगस्ट २०२५ च्या पहाटे सतरा वर्षांची एक मुलगी अ‍ॅमस्टरडॅमहून सायकलवर घरी जात होती. शहराबाहेर डाउव्हेनड्रेख्तजवळ तिचा खून झाला. तिने पोलिसांना फोनही केला होता. आम्ही पहिल्या दिवशी गेलो त्या भागापासून ही जागा लांब नाही. मी नकाशा काढून बघितला आणि बराच वेळ तसाच उघडा ठेवला. तिथल्या बायका रस्त्यावर आल्या, 'रात्र आमचीही आहे, ती आम्ही परत घेणार' असं म्हणत. २०२४ च्या १४ ऑगस्टच्या रात्री कोलकात्यात बायका हेच म्हणत बाहेर आल्या होत्या. नेदरलँड्समध्ये साधारण दर आठ दिवसांनी एका बाईची हत्या होते, बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून.

मग माझा कोपरा खोटा होता का? मी यावर खूप विचार केला. खोटा नव्हता. पण तो दिवसाचा होता, आणि मी गटाबरोबर होते. रस्ता बांधून अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तिथेही बाकी आहे. पाणी उपसायचं एक दिवस थांबलं की शेत बुडतं, तसंच हे आहे.

परतल्यावर केंद्रातल्या बचत गटात मी खरं सांगून टाकलं. 'बायांनो, ट्रेनिंग नव्हतं, मी फिरायला गेले होते.' मला वाटलं कोणी तरी टोमणा मारेल. कोणीच मारला नाही. चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई म्हणाली, 'ताई, माझी सुट्टी म्हणजे दवाखाना. दोन बाळंतपणं आणि एक पिशवीचं ऑपरेशन. तेवढेच दिवस मी पडून खाल्लं.' हे ती तक्रार म्हणून बोलत नव्हती. हिशेब सांगत होती. आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, आमचंही तेच.

त्या देशात सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नाही. आठवड्याला जितके तास काम, त्याच्या चौपट तास वर्षाला भरपगारी रजा कायद्याने मिळते, आणि वर वर्षाच्या पगाराच्या निदान ८ टक्के रक्कम सुट्टीचे पैसे म्हणून, बहुतेकांना मे महिन्यात. घरकाम करणाऱ्या बायकांना इतर कामगारांइतकं संरक्षण तिथेही नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण विश्रांतीला पैसे लागतात आणि ते मजुरीचाच भाग आहेत, एवढं तिथे मान्य आहे. आपल्याकडे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तरी आठवड्याची एक सुट्टी मागितली की 'मग दुसरी बघते' हे उत्तर किती जणींनी ऐकलं आहे, हात वर करा. बघा.

आणि आपण कार्यकर्त्या? आपण काय वेगळं करतो? मोर्चा, शिबिर, बैठक, अहवाल. जी बाई सुट्टी घेते तिच्याकडे आपणच जरा वाकडं बघतो. माझ्या खोट्याचं मूळ सासरी होतं तितकंच इथेही होतं, हे मी आज या व्यासपीठावरून सांगते आहे. माझ्या नवऱ्याने आठ दिवस घर सांभाळलं याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. नंतर लक्षात आलं, बाकीच्या दिवसांचं कौतुक कोणी केलेलं नाही, मीसुद्धा.

तर डिसेंबरमध्ये आमच्या गटाने एक ठराव केला. वर्षातून दोनदा सहल. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. अटी तीनच. देवदर्शन नाही, प्रशिक्षण नाही, नवरा-पोरं नाहीत. पहिल्यांदा आम्ही चौदा जणी धरणावर गेलो. भाकरी-पिठलं ज्याचं त्याने आणलेलं. सुरुवातीला कोणाला काय करावं कळेना. एकीने सतरंजी झटकायला घेतली, एक उगीचच सगळ्यांची भांडी गोळा करायला लागली. तिला मी खाली बसवलं. जिची सुट्टी म्हणजे दवाखाना होता, ती झाडाखाली आडवी झाली आणि झोपली. जेवणाला उठवावं का, अशी कुजबुज झाली. कोणी उठवलं नाही. ती चार वाजेपर्यंत झोपली.

येताना बसमध्ये कंडक्टरने विचारलं, 'कसला कार्यक्रम होता बाई?' आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग तीच म्हणाली, 'काही नाही. सहल होती.'